डॉक्टर, मेडिकलवाले आणि तुमच्या रोजच्या गोळ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीपी, शुगर, थायरॉइड, दमा यांपैकी कशाची तरी रोजची औषधं चालू असलेले रुग्ण, त्यांच्या गोळ्यांचा डबा भरणारी घरची माणसं, आणि एकाच रस्त्यावर दवाखाना नि औषधाचं दुकान चालवणारे डॉक्टर-फार्मासिस्ट, या सगळ्यांचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. औषध सुरू, बंद किंवा कमी-जास्त करण्याचा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांचाच.

डॉक्टर आणि फार्मासिस्ट मिळून काम करतात म्हणजे नेमकं काय करतात?

रुग्णाची माहिती दोन ठिकाणी अर्धी-अर्धी पडलेली असते. निदान, तपासण्यांचे आकडे, क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कशी चालतात ते दाखवणारी रक्ततपासणी) हे डॉक्टरांकडे असतं. पण रुग्णाने तीस गोळ्यांऐवजी दहाच नेल्या, गुडघ्यासाठी वरून दुखण्याच्या गोळ्या घेतल्या, दुसऱ्या डॉक्टरांची चिठ्ठीही त्याच दुकानात आणली, हे दिसतं काउंटरवर. ही दोन टोकं जोडायला तीन गोष्टी लागतात: सगळ्या औषधांची एकच यादी, फार्मासिस्टने डॉक्टरांना कधी फोन करायचा याची आधी ठरलेली हद्द, आणि फोनवर जे ठरलं ते लिहून ठेवायची सवय. अ‍ॅप आणि सॉफ्टवेअर नंतर आलं तरी चालतं.

एक नेहमीचं उदाहरण घ्या. रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल ही बीपीची गोळी घेणाऱ्या काही जणांना कोरडा खोकला लागतो. तो गोळी सुरू केल्यावर काही दिवसांत येतो, कधी काही महिन्यांनी. तोवर गोळीचा आणि खोकल्याचा संबंध कुणाच्याच डोक्यात उरत नाही. रुग्ण धुळीला दोष देतो, दुकानातून खोकल्याचं औषध नेतो, मग दुसरी बाटली, मग तिसरी. त्या बाटलीत फेनिलेफ्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करणारा घटक) असेल तर बीपी चढतं. पुढच्या भेटीत डॉक्टर बीपीची गोळी वाढवतात, कारण बाटल्यांबद्दल त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. अ‍ॅम्लोडिपिनने घोट्यापाशी सूज येते आणि त्यावर लघवीची गोळी चढते, तिथेही हाच घोळ. दुसरी बाटली मागताना फार्मासिस्टने “बीपीची गोळी कोणती चालू आहे?” एवढं विचारलं आणि डॉक्टरांना कळवलं, तर साखळी तिथेच तुटते.

आमच्या डॉक्टरांचं आणि खालच्या मेडिकलवाल्यांचं चांगलं जमतं. मग हे आधीच चालू आहे ना?

जमणं वेगळं. दवाखान्याखालच्या दुकानाचा आणि डॉक्टरांचा संबंध अनेकदा जागेच्या भाड्याचा किंवा विक्रीचा असतो, तुमच्या औषधांचा नसतो. कोणत्या कंपनीचा माल ठेवायचा यावर दोघांचं रोज बोलणं होत असेल आणि तुमच्या क्रिएटिनिनवर कधीच होत नसेल, तर त्याला सहकार्य म्हणता येणार नाही. कमिशन घेणं-देणं डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत निषिद्ध आहे. औषध कुठून घ्यायचं हे ठरवण्याचा हक्क रुग्णाचा आहे, आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत तो नोंदवलेला आहे. तेव्हा “अमुक दुकानातूनच घ्या” असं कुणी म्हणालं तर कारण विचारा. तरीही आमचा सल्ला असा, की दुकान तुम्हीच निवडा, पण एकच निवडा. चार दुकानांतून चार औषधं घेतली तर त्यांची एकमेकांशी टक्कर होते आहे हे कुणालाच दिसत नाही.

काउंटरवरचा प्रत्येक माणूस फार्मासिस्ट असतो का?

नाही. चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली द्यायचं असतं. डी.फार्म. किंवा बी.फार्म. झालेला, राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी असलेला माणूस म्हणजे फार्मासिस्ट. परवाना आणि नोंदणी प्रमाणपत्र दुकानात दर्शनी भागात लावलेलं असायला हवं. “फार्मासिस्ट कोण आहेत? त्यांच्याशी बोलायचंय,” असं विचारण्यात काहीही वावगं नाही. प्रमाणपत्र भिंतीवर आणि माणूस दुसऱ्या गावात, असा प्रकार असेल तर या पानावरचं बाकी काही त्या दुकानात होणार नाही, दुकान बदला.

फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, २०१५ नुसार रुग्णाला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम आहे, उपकार नव्हे. औषधाचं नाव, ते कशासाठी, किती, केव्हा, किती दिवस, कसं ठेवायचं, काय त्रास होऊ शकतो, एखादी वेळ चुकली तर काय करायचं, एवढं सगळं त्यात येतं.

चिठ्ठीवर काय काय असायला हवं?

रुग्णाचं नाव, वय, पत्ता, तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक, प्रत्येक औषधाचं घटकनाव (ब्रँडचं नव्हे, आतल्या औषधाचं नाव), मिलिग्रॅम, गोळी आहे की कॅप्सूल की सिरप, कधी घ्यायचं, किती दिवस, आणि एकूण नग. घटकनाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं, असं २०१६ मधल्या दुरुस्तीपासून डॉक्टरांच्या नियमांत आहे.

आमचा आग्रह आणखी एका गोष्टीचा: प्रत्येक औषधापुढे दोन शब्दांत कारण. “बीपी”, “शुगर”, “सांधे”. सारख्या नावाची दोन औषधं असली तर फार्मासिस्टला चूक पकडायला एवढा एकच दुवा मिळतो. एकाच ब्रँडच्या मागे लागलेली अक्षरंही फसवतात. बीपीच्या गोळीमागचं ‘एच’ म्हणजे बहुधा हायड्रोक्लोरोथायाझाइड (लघवी वाढवणारं औषध), ‘एएम’ म्हणजे अ‍ॅम्लोडिपिन. ‘एएम’चा अर्थ सकाळची गोळी असा लावणारे रुग्ण असतात, आणि घाईत ‘एच’चं पाकीट साध्या गोळीच्या जागी जातं. दोन्ही पाकिटांचा रंग सहसा सारखाच असतो.

आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळीसाठी वार लिहायलाच हवा: “फक्त रविवारी”. सांधेवातासाठी दिलेली मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतली गेली तर रक्तपेशी कोसळतात, तोंड सोलून निघतं, जीवही जाऊ शकतो.

औषधांची यादी कशी करायची?

एक रिकामी पिशवी घ्या आणि घरात जे जे आहे ते सगळं तिच्यात भरा. फ्रिजच्या दारातलं, देवघराशेजारच्या डब्यातलं, पर्समधलं, उशाखालचं. डोळ्यांचे थेंब, मलम, इनहेलर, कॅल्शियम, चूर्ण, काढा, शेजारणीने दिलेली गोळीसुद्धा. पिशवी फार्मासिस्टकडे न्या. संध्याकाळी सात ते नऊ सोडून, दुपारी. वीस-पंचवीस मिनिटं लागतात.

१. सगळं टेबलावर काढून तीन ढीग करा: रोज घेतो ते, लागेल तेव्हा घेतो ते, आणि आता घेत नाही ते.

२. मुदत संपलेलं आणि नाव न दिसणारं वेगळं काढा. गोळ्या कापताना स्ट्रिपवरचं नाव नि तारखेचं टोक आधी फेकलं जातं, त्यामुळे उरलेल्या चार गोळ्या कशाच्या हे कळत नाही. कापताना नेहमी दुसऱ्या टोकापासून कापा.

३. प्रत्येक औषधाचं घटकनाव लिहा, ब्रँडनाव त्याच्या शेजारी. एकच घटक दोनदा आला का ते इथेच दिसतं. सर्वांत जास्त सापडतात ती दोन: पॅरासिटामॉल (तापाच्या गोळीत, दुखण्याच्या गोळीत आणि सर्दीच्या गोळीत, तिन्हीत) आणि ग्लिमेपिराइड (एका डॉक्टरांनी मेटफॉर्मिनबरोबर दिलेलं, दुसऱ्यांनी व्होग्लिबोजबरोबर).

४. “किती घेता?” असं विचारू नका, “काल काय काय घेतलं?” असं विचारा. पहिल्या प्रश्नाला चिठ्ठीवरचं उत्तर येतं, दुसऱ्याला खरं.

५. कशाची अ‍ॅलर्जी आहे, शेवटचं क्रिएटिनिन किती आणि कोणत्या तारखेचं, हे वर ठळक लिहा.

६. यादीच्या दोन प्रती: एक डॉक्टरांच्या फाइलला, एक तुमच्या पाकिटात. तिचा फोटो घरातल्या एकाच्या मोबाइलमध्ये. खाली तारीख टाका. तारीख नसलेली यादी वर्षभराने दिशाभूल करते.

सहा महिन्यांनी, आणि दवाखान्यात भरती होऊन घरी आल्यावर आठवड्याच्या आत, हे पुन्हा करायचं. घरी सोडताना दिलेल्या कार्डावर नवीन गोळ्या असतात. जुन्यांपैकी कोणत्या बंद, हे बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. मग दोन्ही चालू राहतात.

फार्मासिस्टने डॉक्टरांना फोन कधी करायचा?

सगळ्यासाठी केला तर डॉक्टर उचलणं बंद करतात. म्हणून तीन पातळ्या आधीच ठरवून घ्याव्यात.

औषध देण्याआधी फोन: मेथोट्रेक्सेट रोज लिहिलेली दिसली, अ‍ॅसिनोकुमॅरॉल किंवा वॉरफरिन (दोन्ही रक्त पातळ करणारी) चालू असताना मेट्रोनिडॅझोल, फ्लुकोनॅझोल किंवा दुखण्याची गोळी आली, छातीसाठी नायट्रेट चालू असताना सिल्डेनाफिल मागितली, गर्भवतीच्या चिठ्ठीवर बीपीचं टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल आलं, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेल्याला अ‍ॅमॉक्सिसिलिन, एकच घटक दोनदा, किंवा अक्षर लागतच नाही. अंदाजाने औषध द्यायचं नाही. ग्लिमेपिराइड घेणाऱ्याला नायट्यासाठी फ्लुकोनॅझोल आलं तरी याच पातळीत धरा, कारण त्याने ग्लिमेपिराइडचा असर वाढून शुगर घसरू शकते, आणि नायट्याचं औषध देणारे डॉक्टर बहुधा वेगळेच असतात.

त्याच दिवशी कळवणं: टेल्मिसार्टन-हायड्रोक्लोरोथायाझाइड घेणाऱ्या ज्येष्ठाला आठवडाभराची डायक्लोफिनॅक किंवा अ‍ॅसिक्लोफिनॅक (तीन औषधं मिळून मूत्रपिंडावर ताण येतो, उन्हाळ्यात पाणी कमी पिणाऱ्यांत जास्त), अ‍ॅटोर्वास्टॅटिनसोबत (कोलेस्टेरॉलची गोळी) क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक, दोनदा मोजूनही बीपी १६०/१०० च्या वर.

पुढच्या भेटीसाठी नोंद: गोळ्या संपायच्या तारखेनंतर आठवडा उलटला तरी न्यायला आले नाहीत, कोरडा खोकला, पायांना सूज, बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्याच्या तळपायाला मुंग्या (बी-१२ कमी झालं असेल), पैशांसाठी गोळी अर्धी करून घेणं. ही नोंद चिठ्ठीच्या मागे दोन ओळींत लिहून रुग्णाच्याच हाती द्यावी.

फोन केला की डॉक्टर चिडतात. काय बोलायचं?

“सर, तुम्ही लिहिलेलं औषध चालेल का?” अशा प्रश्नाला डॉक्टर “लिहिलंय ते द्या” म्हणतात आणि फोन ठेवतात. प्रश्न आणि पर्याय एकत्र ठेवा, अर्ध्या मिनिटात संपवा: “नमस्कार सर, अमुक मेडिकलमधून बोलतोय. पाटील आजी, वय अडुसष्ट. तुमच्या आजच्या गोळीत ग्लिमेपिराइड २ आहे आणि हृदयाच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीतल्या गोळीतही २ आहे. दोन्ही देऊ, की फक्त तुमची देऊ?” रुग्णासमोर “डॉक्टरांनी चुकीचं लिहिलंय” हे वाक्य कधीही उच्चारायचं नाही. “एक गोष्ट विचारून घेतो, पाच मिनिटं बसा,” एवढं पुरतं. नाहीतर रुग्णाचा भरवसा दोघांवरूनही उडतो आणि तो औषधच सोडून देतो.

डॉक्टरांकडून अपेक्षा एकच: ओपीडीच्या वेळात फोन कोण घेणार हे ठरवून ठेवा. कंपाउंडर किंवा स्वागतिकेने प्रश्न लिहून घेऊन दोन रुग्णांच्या मध्ये विचारला तरी चालतं. बदल ठरला तर सुधारलेली, सही केलेली चिठ्ठी द्यावी लागते. नियमाला लेखी चिठ्ठी हवी असते, फोनवरचा शब्द तिथे पुरत नाही.

लिहिलेला ब्रँड नाही. त्याच औषधाचा दुसरा चालेल का?

वैद्यकीयदृष्ट्या बहुतेक वेळा चालेल, कायद्याने फार्मासिस्ट स्वतःहून देऊ शकत नाही. औषध नियमावलीतल्या नियम ६५ (११ अ) प्रमाणे शेड्यूल एच, एच-१ आणि एक्समधल्या (म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या) औषधाऐवजी दुसरं, घटक तोच असला तरीही, देता येत नाही. बीपी-शुगरच्या जवळजवळ सगळ्या गोळ्या शेड्यूल एचमध्ये येतात. प्रत्यक्षात बदल सर्रास होतो हे सगळ्यांना माहीत आहे, आणि बहुतेकदा तो रुग्णाला न सांगता होतो. धोका तिथेच आहे. घरी जुन्या ब्रँडच्या दहा गोळ्या उरलेल्या असतात, नवीन पाकीट वेगळ्या रंगाचं दिसतं आणि रुग्ण दोन्ही घेतो.

सरळ उपाय म्हणजे डॉक्टरांनी घटकनावाने लिहावं. मग त्या घटकाचं, त्याच मिलिग्रॅमचं कुठलंही उत्पादन देता येतं, आणि हीच चिठ्ठी जनऔषधी केंद्रातही चालते, जिथे बरीच औषधं ब्रँडच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. अपवाद थोडे आहेत. फिट्सची औषधं, थायरॉक्सिन, रक्त पातळ करणारी अ‍ॅसिनोकुमॅरॉल यांत कंपनी वारंवार बदलू नये. बदलली तर डॉक्टरांना सांगावं, म्हणजे ते तपासणी लवकर करून घेतील.

जुन्या चिठ्ठीवर दर महिन्याला औषध का देत नाहीत?

चिठ्ठीवर तसं लिहिलेलं नसेल तर ती एकदाच चालते. डॉक्टरांनी “दर ३० दिवसांनी, ३ वेळा” असं लिहिलं तर त्या हिशेबाने देता येतं, आणि प्रत्येक वेळी दुकानाने चिठ्ठीवर नाव-पत्ता नि तारीख टाकायची असते. हा शिक्का कटकट वाटतो, पण तोच सर्वांत स्वस्त हिशेब आहे. १ तारखेला ३० गोळ्या दिल्या आणि पुढचा शिक्का पुढच्या महिन्याच्या १८ तारखेचा असेल, तर मधल्या सतरा-अठरा दिवसांचं काय झालं हे डॉक्टरांना न विचारता दिसतं. बीपी आटोक्यात नसल्यावर गोळी वाढवण्याआधी आधीची घेतली जाते आहे का हे बघायचं असतं. देशात २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमातही दर ३० दिवसांचा साठा आणि न आलेल्यांचा पाठपुरावा यावरच भर आहे.

दुकानात मोजलेलं बीपी धरायचं का?

नीट मोजलं असेल तर नक्की. बहुतेक वेळा नीट मोजलेलं नसतं. रुग्ण जिना चढून आलेला, उभा, बोलत असलेला, तोंडात तंबाखू, शर्टाची बाही वर गुंडाळून दंडाला काचलेली.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री, विडी नको. लघवी करून या. खुर्चीला पाठ टेकून, पाय जमिनीवर, मांडी किंवा तिढी न घालता पाच मिनिटं गप्प बसायचं. उघड्या दंडावर पट्टा, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला. दंडाचा घेर ३२ सेंटिमीटरहून जास्त असेल तर मोठा पट्टा हवा. छोटा वापरला तर आकडा खोटा वाढतो. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही आकडे तारीख-वेळेसह लिहा आणि त्या दिवशी गोळी घेतली होती का तेही लिहा. “थोडं जास्त आहे” असं तोंडी सांगून डॉक्टरांना काही उपयोग होत नाही.

१८०/११० किंवा जास्त आला तर शांत बसवून पुन्हा मोजा. तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टर. त्यासोबत छातीत दुखणं, धाप, बोलताना जीभ जड होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, दिसायला कमी येणं यांतलं काही असेल तर १०८. जिभेखाली ठेवायची गोळी देऊन बीपी झटकन खाली आणायचा प्रयत्न दुकानात करायचा नाही. एकदम खाली आलं तर मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडतो.

इन्सुलिनमध्ये कुठे चुकतं?

सिरिंजमध्ये. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली बहुधा यू-४० असते, म्हणजे १ मिलिमध्ये ४० युनिट. पेनमधलं काडतूस यू-१००. यू-४० च्या सिरिंजचं टोपण लाल, यू-१०० चं केशरी. यू-४० च्या बाटलीतून यू-१०० च्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरलं तर शरीरात जातात फक्त ८ युनिट. उलट केलं, म्हणजे यू-१०० चं इन्सुलिन यू-४० च्या सिरिंजने २० पर्यंत घेतलं, तर ५० युनिट जातात आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. फार्मासिस्टने बाटली आणि सिरिंज शेजारी ठेवून, रुग्णाला दोन्हीवरचे आकडे वाचायला लावूनच द्यावं. पेनच्या काडतुसातून सिरिंजने इन्सुलिन काढायचं नाही.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत, फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. एकदा गोठलं की ते फेकायचं. उघडल्यावर बहुतेक प्रकार ३० अंशांखाली २८ दिवस टिकतात, म्हणून उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेमध्ये घरातलं तापमानही ३० च्या खूप वर असतं. फ्रिज नसेल तर पाणी भरलेल्या मातीच्या भांड्यात घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. गढूळ दिसणारं इन्सुलिन तळव्यांत दहा वेळा हळू फिरवून मग भरा. जोरात हलवलं तर फेस होऊन माप चुकतं.

शुगर ७० च्या खाली गेली, घाम, थरथर, गोंधळ झाला तर तीन चमचे साखर पाण्यात, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. पण व्होग्लिबोज किंवा अ‍ॅकार्बोज चालू असेल तर साखर लवकर पचत नाही, तिथे ग्लुकोजची पूड लागते. ही पूड घरात ठेवायला सांगणं हे त्या गोळीसोबतचंच काम आहे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

मेटफॉर्मिनची गोळी शौचात जशीच्या तशी दिसते. औषध लागूच पडत नाही का?

पडतं. हळूहळू विरघळणाऱ्या गोळीतलं औषध झिरपून जातं आणि रिकामं कवच बाहेर पडतं. ती चावून किंवा कुटून मात्र घ्यायची नाही.

थायरॉइडची गोळी घेऊनही टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) वाढलेलाच. डोस वाढवायचा?

आधी फार्मासिस्टने घ्यायची पद्धत विचारावी. उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, चहाच्या किमान अर्धा तास आधी. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळीत चार तासांचं अंतर. सकाळी सगळ्या गोळ्या एकदम चहाबरोबर घेणं हे नेहमीचं कारण असतं. उत्तर डॉक्टरांना कळवा, मग डोसचं ते ठरवतील.

आमचे डॉक्टर स्वतःच कागदाच्या पुडीत गोळ्या देतात. मग फार्मासिस्टला काय कळणार?

काहीच नाही, आणि आपल्याकडच्या छोट्या दवाखान्यांतली ही मोठी अडचण आहे. डॉक्टरांनी आपल्या रुग्णाला औषध देणं बेकायदा नाही, पण नाव नसलेल्या पुडीमुळे दुसऱ्या डॉक्टरांनाही अंधारात काम करावं लागतं. रात्री आकस्मिक विभागात “पांढरी गोळी आणि लाल कॅप्सूल” एवढीच माहिती मिळते. पुडीवर घटकनाव आणि मिलिग्रॅम लिहून मागा. सांधेदुखी किंवा दम्यासाठीच्या बिनलेबल पुड्यांबाबत तर जास्तच सावध राहा. अशांत स्टेरॉइड सापडलेली आहेत. काही महिने घेतल्यावर ती अचानक थांबवणंही धोक्याचं असतं, म्हणून पुडी फेकून देण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

आयुर्वेदिक किंवा होमिओपॅथिक औषधं यादीत कशाला?

कारण शरीर एकच आहे. ज्येष्ठमध जास्त दिवस घेतलं तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम कमी होतं. शुगरसाठीचं चूर्ण आणि ग्लिमेपिराइड एकत्र आलं तर शुगर घसरू शकते. कुणी रागावेल म्हणून लपवू नका.

अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय का नाही? पूर्वी मिळायचं.

तेव्हाही मिळायला नको होतं. मार्च २०१४ पासून सेफिक्झाइमसारखी अनेक अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं आणि अल्प्राझोलाम, ट्रामाडॉल वगैरे शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध नि नग वेगळ्या रजिस्टरात लिहून ते तीन वर्षं जपावं लागतं. टीबीच्या औषधांची नोंद आणखी एका कारणासाठी मोलाची: मार्च २०१८ च्या अधिसूचनेपासून खासगी डॉक्टर, प्रयोगशाळा आणि औषध दुकानं या तिघांनीही टीबीचा रुग्ण शासनाला कळवणं बंधनकारक आहे. तो कळवला गेला की निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी नोंद यंत्रणेत येतो, मोफत औषधं नि पोषणाची मदत मिळू शकते. दोन महिन्यांनी बरं वाटून गोळ्या न्यायला न येणारा माणूस सर्वांत आधी दुकानदाराला दिसतो.

औषधाचा त्रास झाला तर कुणाला सांगायचं?

डॉक्टरांना आणि फार्मासिस्टला, दोघांनाही. शिवाय औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाला १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कामाच्या दिवशी रुग्णही कळवू शकतो. पाकीट हाताशी ठेवा. बॅच क्रमांक विचारतात.

या सगळ्याचा खरंच उपयोग होतो का, आणि पैसे कोण देतं?

लॉस एंजेलिसमध्ये ५२ केशकर्तनालयांत ३१९ कृष्णवर्णीय पुरुषांवर झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फार्मासिस्ट तिथेच येऊन, डॉक्टरांशी ठरवून घेतलेल्या मर्यादेत बीपीची औषधं देत होते. सहा महिन्यांत वरचं बीपी सरासरी २७ ने उतरलं. नुसता सल्ला मिळालेल्या गटात ९ ने. आपल्याकडे फार्मासिस्टला औषध लिहिता येत नाही, त्यामुळे तोच आकडा इथे लावणं बरोबर नाही. पण बीपीचं काम दवाखान्याबाहेरही होऊ शकतं, हे त्यातून घ्यावं. ऑस्ट्रेलियात घरी जाऊन औषधं तपासणाऱ्या फार्मासिस्टला २००१ पासून सरकार पैसे देतं. भारतात या वेळेचे पैसे कुणीच देत नाही. दुकान चालतं ते विक्रीवर. त्यामुळे एखाद्या फार्मासिस्टने यादी करायला पन्नास-शंभर रुपये मागितले तर ते आम्हाला गैर वाटत नाही. त्याच बैठकीत प्रोटीन पावडर गळ्यात मारली, तर वाटतं.

आम्ही दवाखाना आणि दुकान मिळून सुरुवात कुठून करू?

वीस रुग्णांपासून. ज्यांच्या पाच किंवा जास्त गोळ्या आहेत, किंवा इन्सुलिन वा रक्त पातळ करणारं औषध चालू आहे, असे निवडा. प्रत्येकाची संमती घ्या. “तुमची माहिती आम्ही दोघं एकमेकांना देऊ” हे कागदावर. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात चिठ्ठ्यांचे फोटो टाकू नका, दोघांतच ठेवा. एचआयव्ही, मानसिक आजार, गर्भपात यांबद्दलचं तर फोनवरच. पंधरा दिवसांनी अर्धा तास बसून तीनच गोष्टी बघा: किती फोन झाले, त्यांतल्या कितींनंतर चिठ्ठी बदलली, कोण गोळ्या न्यायला आलं नाही. फोन पुष्कळ आणि बदल शून्य असेल तर हद्द चुकली आहे, ती पुन्हा ठरवा.

आई-वडील सहा महिन्यांसाठी मुलीकडे अमेरिकेत चाललेत. औषधांचं काय?

घटकनावांची टाइप केलेली यादी डॉक्टरांच्या सहीशिक्क्यानिशी आणि मूळ पाकिटांतच औषधं न्या. सोयीसाठी एका डब्यात ओतून नेऊ नका. तिथे आपल्या ब्रँडची नावं कुणाला कळणार नाहीत, आणि काही घटकांची नावंही वेगळी आहेत: पॅरासिटामॉलला अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात, साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल, ग्लिबेनक्लामाइडला ग्लायब्युराइड. जुळणाऱ्या नावांची यादी फार्मासिस्टकडून करून घ्या. इन्सुलिन केबिनच्या सामानात ठेवा. विमानाच्या पोटात ते गोठू शकतं. आणि इथली यू-४० ची बाटली नेत असाल तर लाल टोपणाच्या सिरिंजही पूर्ण मुक्कामाला पुरतील इतक्या न्या, कारण तिथल्या दुकानात मिळेल ती यू-१०० ची.